दुसरा पाय

माझे सासरे तरुणपणी तालमीत होते. दारात म्हैस, अंगात रग, आणि कुणाचं म्हणून ऐकायचं नाही. आमच्या लेकीच्या मेंदूला जन्मतानाच प्राणवायू कमी पडला. ती उभी राहत नाही, बोलत नाही, फिट्सचं औषध रोज चालू असतं. नात कधी चालणार नाही, हे सासऱ्यांनी मान्यच केलं नाही. रोज सकाळी तिला चमच्याने धारोष्ण दूध पाजायचं आणि मग कोमट तेलाने पैलवानाची करतात तशी मालिश. तिलाही ते आवडायचं. आजोबा दिसले की ती पाय पुढे करून खिदळायची.

उन्हात मात्र तिला कुणी नेत नसे. दारात बसवलं की आमच्या उचगावातली येणारी-जाणारी माणसं थांबून हळहळायची, आणि ती हळहळ सासऱ्यांना सोसत नसे.

राजारामपुरीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "हिला ऊन मिळतं का? आधार देऊन उभी करता का? न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ होतात, फिट्सच्या काही औषधांनी आणखीच. रक्त तपासून घ्या, आणि मालिश हलक्या हाताने करा."

सासरे हसले. "बाई, म्हशीच्या दुधावर वाढलेलं हाड हाय ते. असं कसं ठिसूळ हुतंय?"

मी तपासणीचा विषय काढला की घरात आवाज चढायचा. मला त्यांचा राग यायचा, आणि नातीवरची त्यांची माया बघून तो गिळावाही लागायचा.

मग लंगोट बदलताना उजवा पाय उचलला की ती कळवळायला लागली. "शिरा आखडल्यात," सासरे म्हणाले, "जरा जोर लावाय पायजे." त्या दिवसांत मालिशची वेळ झाली की मी चहा उतू जाऊ द्यायची आणि बाहेरच्या खोलीकडे कान लावून उभी राहायची.

एका सकाळी तिचं खिदळणं मध्येच थांबलं. वाळकी काडी मोडावी एवढाच आवाज आला. रडली ती जरा उशिराच.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "मांडीचं हाड मोडलंय. कपडे बदलतानाही मोडलं असतं, इतकं विरळ झालंय." मग दुसऱ्या मांडीवर बोट ठेवलं. "हेही तसंच आहे. प्लास्टरमध्ये पडून राहिली की आणखी विरळ होईल. म्हणून औषध आजपासून, ऊन रोज, आणि हाड जुळलं की आधाराने उभी करायची."

"पण दूध पीत हुती की, डॉक्टर," सासरे म्हणाले.

आता तिची खाट दारात असते आणि सासरे शेजारी बसतात. कुणी हळहळायला थांबलं, तर तेच म्हणतात, "बाजूला व्हा पावणं, ऊन अडतंय पोरीचं."

परवा मालिशच्या वेळेला तिने आजोबांकडे बघितलं आणि खिदळत दुसरा पाय पुढे केला. सासऱ्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.