मैनाने लेक दोनदा दिली

हिंदुरावाचा पहिला फटका मैनाच्या कानावर बसला, तेव्हा ती कंपनीच्या मेसमध्ये पोळ्या लाटून मांजरी गावच्या स्टॉपवर उतरत होती. दुसऱ्या फटक्याला दात ओठात रुतला. रस्त्यावर माणसं होती, पण हिंदुराव आता बिल्डरच्या गाडीतून फिरायचा. अशा माणसाच्या वाटेला जायची हौस कुणाला असते?

"खरं तेच सांगायचं हाय कोर्टात," तो म्हणाला. "पोरगी देताना तुला कुनी इचारलं न्हवतं. येवढं बोल, पोरगी तुला परत मिळंल. आनि काय पायजे?"

विचारलं नव्हतं, हे मात्र खरंच. मैनाचा नवरा गेला तेव्हा पदरात दोन वर्षांची लेक होती, अपेक्षा. थोरली बहीण मथुराबाई आणि मेहुणे सोनबा यांना मूल नव्हतं. दत्तक ठरलं, भटजी आले, सवाष्णी जमल्या, आणि शुभकार्यात विधवा नको म्हणून मैनाला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. भाऊ रामदासने पोर उचलून मथुराबाईच्या मांडीवर ठेवली. रीतीला अक्कल नसते, ती पाळणाऱ्यांना तरी असावी. तेव्हापासून अपेक्षा मैनाला मावशी म्हणायची. तिला वेगळं कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे सोनबाही गेला. उसाच्या रानाला खेटून आयटीवाल्यांचे टॉवर उभे राहिले आणि सोनबाच्या पुतण्याला, हिंदुरावाला, एकाएकी कायद्याचा पुळका आला; दत्तक खोटं म्हणून त्याने कोर्टात दावा लावला. मथुराबाई निपुत्रिक ठरली, की तिच्यामागे रान त्याचंच.

सुजलेलं तोंड घेऊन मैना बहिणीबरोबर शनिवार पेठेत यज्ञेश्वर वकिलांकडे गेली.

"बाप नसेल तर मूल द्यायचा अधिकार आईचा, मामाचा नाही," वकील म्हणाले. "भटजी आणलात, सवाष्णी आणल्यात, फक्त आई तेवढी कोंडून ठेवलीत. छान." मथुराबाई रडू लागली तसे ते जरा नरमले. "मुलगी पंधराच्या आत आहे. आपण विधवा असलात तरी आपल्याला दत्तक घेता येतं. चार माणसांत आईने स्वतःच्या हाताने द्यावी, आई म्हणून बोलून द्यावी. मग मात्र माघार नाही."

परतताना बसमध्ये मैनाचा जीव तुटत होता. एक खरं वाक्य बोललं की लेक तिची. पण त्या वाक्याने बहिणीचं घर उजाड होणार होतं, आणि आक्का हिंदुरावाच्या तावडीत एकटी सापडली तर तो तिला जिवंत ठेवणार नव्हता. मैनाने मन दगडाचं केलं.

रविवारी नव्याने दत्तक द्यायला मथुराबाईच्या ओसरीवर शेजारपाजारचे जमले. अपेक्षा पाटावर बसते न बसते तोच हिंदुराव दोन गडी घेऊन घुसला. हातात कुऱ्हाडीचा दांडा. रामदास आडवा गेला, त्याच्या डोक्यात दांडा बसला आणि तो उंबऱ्यावर कोसळला. हिंदुरावाने अपेक्षाची वेणी मुठीत धरून तिला ओढलं. पोर किंचाळली. मैनाने त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की तोंडात रक्त आलं. वेणी सुटली, पण दांडा मैनाच्या हातावर उतरला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

त्याने पुन्हा दांडा उगारला. मथुराबाईने कोपऱ्यातला ऊसतोडीचा कोयता उचलला आणि त्याच्या खांद्यात घातला. हिंदुराव खाली बसला. गडी पळाले. इतका वेळ भिंतीला चिकटून उभे राहिलेले शेजारी आता शूर होऊन त्याच्यावर तुटून पडले आणि शुद्ध हरपेपर्यंत त्याला तुडवलं. रामदास डोकं धरून उठून बसला.

"दवाखान्यात चल," मथुराबाई म्हणाली.

"आधी हे," मैना म्हणाली.

उजवा हात रक्ताळून लोंबत होता. डाव्या हाताने तिने अपेक्षाला उठवलं आणि बहिणीच्या मांडीवर बसवलं. पोरीच्या फ्रॉकला मैनाचं रक्त लागलं.

"मी मैना, हिची जल्माची आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ही माझी लेक मी तुला दिली, आक्का."

"घेतली," मथुराबाई म्हणाली.

अपेक्षाने मान वळवून मैनाकडे पाहिलं.

"मावशी, तू काय म्हणालीस?"

आयुष्यभर पोटात ठेवलेलं वाक्य मैना नुकतंच बोलली होती, आणि त्याच वाक्यात तिचा हक्क संपला होता. तिला ते पुन्हा एकदा म्हणावंसं वाटलं, अगदी पोटातून वाटलं.

"काय न्हाई, बाळ," ती म्हणाली. "आईजवळ बस."