वनिताची बढती

हिर्डोशीच्या पुढं, वरंध घाटाचा चढ सुरू होतो तिथं, रस्त्याकडेच्या सपाटीवर पत्र्याच्या शेडींचा तळ पडला होता. दरडी खाली येऊ नयेत म्हणून डोंगराला लोखंडी जाळी बांधायचं काम चाललं होतं. दोरावर लटकून कड्यात भोकं पाडणारी माणसं झारखंडची होती आणि त्यांना रांधून घालणारी वनिता किकवीची.

मोबाईलला रेंज यायची ती फक्त वरच्या वळणावरच्या कठड्यापाशी. दुपारची भांडी आवरली की वनिता तिथवर चालत जायची आणि भोरातल्या किराणावाल्या गेनूशेठना फोन लावायची.

"शेठ, मागच्या खेपेची तूरडाळ शिजता शिजत न्हाई. तसली नका पाठवू."

"डाळ चांगली हाय, ताई. तुमच्या घाटाचं पाणी जड."

"पाण्याला कशाला नावं ठेवता? डाळ जुनी हाय म्हणा की."

शेठ हसायचे आणि नवी डाळ पाठवायचे. कड्यावरच्या माणसांना मोहरीचं तेल लागायचं, उकडा तांदूळ लागायचा, बटाटे तर कितीही. मोहरीचं तेल तिनं पहिल्यांदा मागितलं तेव्हा शेठनी काळजीनं विचारलं होतं, "कुणाचे सांधे धरले?" जेवणासाठी म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ते तिच्यासाठी पुण्याहून मागवू लागले. पप्पूचा टेम्पो ते सगळं लादून घाट चढायचा.

याआधी वनितानं बरीच वर्षं कापूरव्होळच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापल्या होत्या. तिथं स्वयंपाकघर आणि टेबलं यांच्यामध्ये भिंत होती, भिंतीत एक खिडकी. ताट त्या खिडकीतून बाहेर जायचं आणि रिकामं होऊन परत यायचं. कोण जेवलं, कुणाला काय आवडलं, तिला कधी कळलं नाही. तळावर भिंतच नव्हती. ती परातीत भाकरी थापायची, उठून स्वतःच वाढायची आणि समोर बसलेला माणूस पहिला घास घेताना त्याचं तोंड बघायची. "दीदी, और दो," असं कुणी म्हटलं की तिला दिवसभराचं उभं राहणं विसरायला व्हायचं. पगार ढाब्यापेक्षा बरा होता, पण पगारापेक्षा तिला हेच हवं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, भोरच्या कॉलेजात शिकणाऱ्या तिच्या प्रेरणालाही नाही.

मग गावकऱ्यांनी मागणी केली की कामावर इथली माणसंही घ्या. रास्तच होती. कोंडिबा आणि त्याच्याबरोबर सातआठ जण आले. कोंडिबा वयानं मोठा, बोलायला मोकळा. पहिल्या दिवशी तो तिच्या चुलीपाशी येऊन बसला.

"किकवीत कुणाच्यातल्या म्हणायच्या तुमी?"

"विहाराच्या मागं घर हाय आमचं," वनिता म्हणाली. तिनं कधी लपवलं नव्हतं.

"हां हां. बरं बरं," कोंडिबा म्हणाला आणि मोठ्या आदरानं उठला.

त्या दुपारी त्याचं पोट बिघडलेलं होतं. दुसऱ्याचा उपास निघाला. तिसऱ्याला घरचीच भाकरी पचते असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चौथ्या दिवशी सगळेच डबे घेऊन आले आणि खालच्या आंब्याखाली जाऊन बसले. कुणी वावगा शब्द बोललं नाही. येता-जाता "ताई, बरं हाय ना?" असं विचारत राहिले. एखाद्यानं तोंडावर शिवी दिली असती तर तिला उत्तर देता आलं असतं.

महिन्याभरानं साइटवरच्या इंद्रजित साहेबानं तिला ऑफिसच्या शेडमध्ये बोलावलं. पोरगा पुण्याचा, पंचविशीतला, मनानं वाईट नव्हता.

"ताई, ऑर्डरचं काम तुम्ही फार छान करता. एवढ्या लांब माल कधी कमी पडला नाही. तुम्ही आता स्टोअरच सांभाळा. पगारही वाढवून देतो. स्वयंपाकाला गावातल्या एक बाई येतील."

"माझ्या हाताला चव न्हाई का?"

"तसं नाही, ताई."

"मग कसं?"

इंद्रजित मोबाईल काढून बघू लागला. तिथं रेंज नव्हती.

"लोकल लोकांचा जरा प्रॉब्लेम होतोय," तो शेवटी म्हणाला. "जेवण आपण द्यायचं ठरलंय, ते जेवत नाहीत. वरून विचारणा होते. तुमचं तर यात चांगलंच होतंय ना?"

वनितानं होकारार्थी मान हलवली. घरी फोन केला तेव्हा प्रेरणा म्हणाली, "आई, बढती झाली की तुझी!" आणि मैत्रिणींना सांगायला धावली. तिची खुशी ऐकून वनिता पुढचं बोललीच नाही.

कमळाबाई आली. कोंडिबाची चुलतभावजय, हसरी, पदर खोचून कामाला लागणारी. तिच्यावर रागावता येईल असं काही तिच्यात नव्हतं. वनिता चुलीकडे निघाली की ती लगबगीनं आडवी यायची. "तुमी बसा वो ताई. तुमी आता साहेब. ताट आणून देते की मी." आणि खरंच, सगळ्यांच्या आधी ताट स्टोअरच्या दारात यायचं. रोज तेच ताट, काठाला पोचा आलेलं. मीठ लागलं तर कमळाबाई दारात उभी राहून मागायची, वनिता मोजून द्यायची. आंब्याखालची माणसं आता शेडमध्ये पंगतीला बसू लागली होती. त्यांची पोटं बरी झाली होती.

मे महिन्यात एका सकाळी अवकाळी पाऊस लागला. कमळाबाई चहा करून, भाजी चिरून ठेवून घरी गेली होती. पाहुणे यायचे होते, दहापर्यंत परत येणार होती. ती गेल्यावर तळ आणि गाव यांच्यामध्ये दरड सुटून रस्त्यावर आली. दरडीखाली माणूस कुणी सापडलं नाही, पण दगड वरून येतच राहिले आणि इंद्रजितनं पलीकडे कुणालाही जाऊ दिलं नाही. कड्यावरची आणि गावातली माणसं मिळून दगड हटवत होती. दोन वाजले तरी कुणाच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

इंद्रजित भिजलेला स्टोअरच्या दारात आला. "ताई, तुम्ही कराल का? आजच्या दिवस?"

वनिता उठली. चूल पेटवली, डाळ चढवली, पीठ मळून भाकऱ्या थापायला घेतल्या. हात काहीच विसरले नव्हते. तव्यावरची पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा तिला वाटलं, आज तरी वाढायला उभं राहता येईल. इतकी भूक लागल्यावर माणूस काय बघणार.

पंगत बसली. ती भाकऱ्यांची टोपली घेऊन पुढं झाली, तर इंद्रजितनं ती हलकेच तिच्या हातातून काढून घेतली आणि मोठ्यानं म्हणाला, "कमळाबाई सकाळीच करून गेल्यात. फक्त गरम केलंय."

वाफ निघत असलेल्या भाकऱ्यांकडे सगळ्यांनी पाहिलं. कोंडिबानं दोन उचलल्या. "व्हय व्हय. कमळीचं काम लई झटपट." माणसं जेवायला लागली, खाली मान घालून, भराभरा. वनिता मागं चुलीपाशी उभी होती.

तेवढ्यात कड्यावरच्यांपैकी एकानं पहिला घास खाल्ला आणि त्याचं तोंड उजळलं. "अरे, ये तो दीदी के हाथ का है!"

हात थांबले. इंद्रजित हसल्यासारखं करून बाहेर पावसाकडे बघू लागला.

"व्हय, म्याच केलंय," वनिता म्हणाली.

कोंडिबानं वर पाहिलं नाही. त्याच्या आवाजात रागही नव्हता, थकवा होता. "आमाला ठावं हाय, ताई. आता जेवू द्या की गप."

आणि तो जेवला. सगळेच पोटभर जेवले. डाळीचं पातेलं खरवडून निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता मोकळा झाला. कमळाबाई आली, कोंडिबाशी बाजूला उभी राहून काही बोलली, मग इंद्रजितशी. थोड्या वेळानं इंद्रजित स्टोअरपाशी आला. "ताई, आजच्या ऑर्डरमध्ये तवा, परात आणि मोठं पातेलं घाला. नवीन. जुनी आता खराब झालीत."

"कशानं?"

तो ऑफिसच्या शेडकडे वळला.  वनिता वळणावर गेली, कठड्याला टेकली, शेठना फोन लावला.

"तवा, परात, मोठं पातेलं," ती म्हणाली.

"आत्ताच तर नेली होती की. फुटली का काय?"

"न्हाई. बाटली."

शेठ नुसतेच खाकरले. ते तिला बरीच वर्षं ओळखत होते, आणि त्यांच्या घरीही पाण्याचा हंडा कुणी भरायचा हे ठरलेलंच होतं. 

"शेठ, पप्पूला सांगा, खाली येताना टेम्पोत मला जागा ठेवायला. बोचकं एकच हाय."

"किती दिवसांसाठी निघालाय?"

"परत न्हाई यायची."

"पगार चांगला होता, ताई," शेठ हळूच म्हणाले. "पोरगी शिकतीय तुमची."

"व्हय," वनिता म्हणाली. "व्हता चांगला."

 मग शेठनी विचारलं, "बाकीचं काय पाठवायचं?"

खाली शेडींमधून धूर वर येत होता. वनितानं सांगायला सुरुवात केली. उकडा तांदूळ, मोहरीचं तेल, बटाटे, ज्वारीचं पीठ, मीठ. तूरडाळ यंदाची, जुनी नको.