भाऊ होता

लातूरजवळच्या मुरुडहून मी निघालो तो डाळीच्या टेम्पोतून, ड्रायव्हरशेजारी बसून. मांडीवर कपड्यांची पेटी होती. माझे थोरले भाऊ, अण्णा, दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी हात वर केला नाही, मीही केला नाही. दुकान कुणी चालवायचं यावरून आमचं वाजलं होतं. वडील म्हणायचे, "भांडा, पण जेवताना भांडू नका." आम्ही नेमके जेवतानाच भांडलो. भूकंपाला तेव्हा थोडेच महिने झाले होते. किल्लारीकडची गावंच्या गावं आडवी झाली होती. आमच्या घराचं मात्र काही पडलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नांदेडात गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

नांदेडच्या बाहेरच्या अंगाला तेव्हा नवं कॉम्प्लेक्स उभं राहत होतं. समोर बाभळी, मागे नाला. चिठ्ठ्या टाकून गाळे वाटले. मला मागचा आला, जिन्याखालचा. रस्त्याकडचा दर्शनी गाळा आला बांगडीवाल्या गफ्फारभाईंना. चहा पिताना त्यांनी विचारलं, "कुठले तुमी?"

"लातूरकडचा."

त्यांचा कप हातातच राहिला. त्या दिवसांत लातूर म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणायचा. "घरी कोन कोन होतं?"

"भाऊ होता," मी म्हणालो.

जन्मभर ज्यांना अहो-जाहो केलं त्यांना मी त्या दिवशी 'होता' म्हणालो, ते रागानं. माझ्यापुरता संपला, एवढाच अर्थ. गफ्फारभाईंनी घेतलेला अर्थ मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "तुमी पुढं बसा. मानसं दिसत राहिली की जीव रमतो. माझी गिऱ्हाइकं येतील मला हुडकत."

ती आली नाहीत. बांगड्या भरायला निघालेल्या बायका नाल्याच्या वासातून जिन्याखाली कशाला जातील? माझं वह्या-पेनांचं दुकान मात्र चाललं. शेजारी कॅसेटवाला होता. तो गेला, एसटीडी बूथ आला. बूथ गेला, मोबाइल रिचार्जवाला आला. साड्यांच्या दुकानात व्हिडिओ गेम लागले, मग तिथे ब्यूटी पार्लर झालं. लातूरच्या निकालांचं वेड नांदेडलाही लागलं तेव्हा वरचा अख्खा मजला क्लासेसनी घेतला. टेस्ट सिरीज, झेरॉक्स, पहिल्या आलेल्या पोरांचे फ्लेक्स. पोरांचे लोंढे माझ्या दारावरून जायचे. पुढे दर्शनी भागाला काच बसली आणि कॉम्प्लेक्सचा मॉल झाला. गफ्फारभाईंनी दुकान बंद केलं. त्यांच्या गाळ्यात आता क्लासची मोडकी बाकं पडलेली असतात. ते स्वतः सकाळभर माझ्या दारात खुर्ची टाकून बसायचे.

भूकंप विसर्जनाच्या रात्रीचा, म्हणून दरवर्षी गणपती विसर्जनानंतरच्या शुक्रवारी ते मशिदीतून थेट माझ्याकडे येत. "तुमच्या भावासाठी दुआ मागून आलो." मी मान हलवायचो. अण्णांशी माझा समेट केव्हाच झाला होता! माल आणायला लातूरला जातो असं सांगून मी मुरुडला जायचो, त्यांच्या पंक्तीला बसून जेवायचो. "तुझा मॉल दाखव की एकदा," ते म्हणायचे.

"रस्ता खणलाय, अण्णा."

"लई वर्षं खणून राहिलेत रे तुमच्या तिकडं."

गेल्या आठवड्यात गफ्फारभाई खुशीत आले. "शेठ, नात चालली लातूरला, नीटच्या क्लासला. हितं वरच क्लास हाय म्हनलं, पर तिचा भरोसा न्हाई. तिला सांगितलंय, येखाद्या रविवारी शेठच्या गावी जा, भावाच्या नावानं दोन फुलं ठेवून ये. गाव कोनतं म्हनले होते?"

मी काउंटरवरची पेनं सरळ केली, पुन्हा विस्कटली. मग सांगितलं. गाव मुरुड. तिथं काही पडलं नाही. भाऊ आहेत.

"जिता हाय?"

"हो."

"अन् मी हितं त्याच्यासाठी रडून राहिलो, तो तिकडं जेवून राहिला?" ते मोठ्यांदा हसले. हसता हसता थांबले. मागच्या जिन्याकडे बघत म्हणाले, "मंजी गाळा..."

"गाळा तुमचा. आज घ्या."

"आता घेऊन काय करू? हात थरथरतात. कुनाच्या मनगटात बांगडी जाईल माझ्याकडून?" मग म्हणाले, "फोन लावा त्याला."

लावला. त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला. "अण्णा, नांदेडवरून गफ्फार बोलतोय. तब्येत बरी हाय ना तुमची?"

"हाव. मला काय झालंय?" अण्णांचा आवाज मलाही ऐकू आला.

"या की हिकडं, मॉल बघायला."

"रस्ता खणलाय म्हणं?"

गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई. रस्ता चांगला हाय."

गुरुवारी अण्णा एसटीनं येत आहेत. गफ्फारभाईंनी फोन केला त्या दिवसापासून माझा चहा घेतलेला नाही. खुर्ची उचलून जिन्याखाली, आपल्या गाळ्यापुढे नेली आहे. काल तिथूनच म्हणाले, "स्टँडवर मी जानार. तुमी येऊ नका. घरी वरणभात सांगितलाय, अण्णा माझ्याकडंच जेवतील."

मला बोलावलेलं नाही. मॉलमध्ये अजून सगळे मला 'भूकंपवाले शेठ' म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं. मुरुडला राहिलेल्यांसाठीही, ज्यांना माहीतच नाही की त्यांच्यातल्या एका जित्या माणसाच्या मरणाचं सांत्वन मी इकडे घेत होतो. दुकानात बसवत नाही, घरी गेलो तरी बसवत नाही. माझं घर मुरुड की नांदेड, हा प्रश्न आता उरलेला नाही. गुरुवारी ते दोघे ताटावर बसतील, तेव्हा दोघांपैकी एकानं जरी मला "ये" म्हटलं, तर ते माझं घर.