माझ्या नाटकातले मेलेले

नाटक लिहायचं तर आधी माणसं पाकिटात भरावी लागतात. ही माझी पद्धत. मी चौथी नापास, पण आमच्या वटार गावचं नाताळातलं नाटक इतकी वर्षं माझंच! (गावात पदवीवाले पुष्कळ आहेत. त्यांनी लिहून दाखवावं.)

यंदा भुताचं नाटक काढलं. जुन्या लग्नपत्रिका कापल्या, कोऱ्या बाजूवर एकेका पात्राचं नाव आणि त्याची हकिगत लिहिली. जगणारे एका पाकिटात, मरणारे दुसऱ्यात. मरणाऱ्यांचं पाकीट घरातल्या क्रुसाखाली ठेवलं, म्हणजे कोणाचा हात लागायला नको. त्यात शेवटची चिठ्ठी माझ्याच नावाची. कारण रंगमंचावर नीट मरणं दुसऱ्या कोणाला जमत नाही!

मेव्हणा इनास टपलेलाच होता. "भावजी, रविवारच्या तालमीला नाटक तयार नसलं तर यंदा ऑर्केस्ट्रा. पोरांना सांगून ठेवलंय मी."

"ये रविवारी. घाबरून घरी जाशील!"

आणि शनिवारी मरणाऱ्यांचं पाकीट गायब! घर पालथं घातलं, केळीच्या वाडीतली खोपसुद्धा बघितली. बायकोला, फिलूला, विचारायची सोय नव्हती. ("माझ्या कागदांना हात लावायचा नाही, माझं मी सांभाळीन," असं मीच तिला सुनावलं होतं.)

तसाच देवळात संध्याकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला गेलो. एका बाजूला फिलू, दुसऱ्या बाजूला इनास. नोव्हेंबर होता. या महिन्यात आमच्याकडे घरोघरची माणसं आपल्या मेलेल्यांची नावं पाकिटात घालून देवळात देतात. फादर ती वाचतात, लोक प्रार्थना करतात. बाहेर अंधारून आलं होतं. वारा नव्हता, तरी मेणबत्त्या वाकड्या जळत होत्या. नवे फादर सावकाश वाचत होते.

"मारिया... जुजे... बस्त्याव, विहिरीत पडलेला..."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. बस्त्याव? तो तर माझ्या डोक्यात जन्मला आणि डोक्यातच मेला!

"रोझी, नवरीच्या साडीत..."

मागच्या बाकावरची म्हातारी शेजारणीला कुजबुजली, "बस्त्याव गो! बघितलाय मी त्याला. सांजेला विहिरीच्या काठावर बसायचा. पाय नेहमी ओले."

पाय ओले! हे मी पाचव्या प्रवेशात घालणार होतो. अजून लिहिलंसुद्धा नव्हतं!

आणि मग फादरांनी माझं नाव वाचलं. आडनावासकट!

मी ताडकन उठलो. "फादर, मी हाय! जिता हाय!"

फादरांच्या हातातले कागद खाली पडले. फिलूने माझा सदरा ओढला. "अहो, बसा! ते पाकीट तुमचं होतं? क्रुसाखाली दरवर्षी मेलेल्यांचंच पाकीट असतं, म्हणून मीच दिलं देवळात."

"अगं, उघडून तरी बघायचं!"

"तुमच्या कागदांना हात लावायची बंदी आहे ना मला?"

चिठ्ठ्या परत मिळाल्या. रविवारी तालीम सुरू झाली, ऑर्केस्ट्रा बोंबलला. त्या म्हातारीला मात्र मी अजून काही विचारलेलं नाही. (घाबरतो म्हणून नव्हे. वेळ मिळत नाही!)

पण एक गोष्ट मनाला खाते. माझं नाव वाचलं तेव्हा अख्ख्या देवळात कोणी दचकलं नाही. मांडीला मांडी लावून बसलेला इनास तर डोळे मिटून म्हणाला, "प्रभू त्याला शांती देवो," आणि मला म्हणाला, "भावजी, जरा सरकून बसा!"