माझ्या बापाचा ताप

ताप बघायची ती काचेची नळी माझ्या बापाच्या ओठांपर्यंत आली होती. बाने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात समितीचा एक कार्यकर्ता डॉक्टरांच्या कानाशी वाकला, आमच्या चाळीचं नाव पुटपुटला आणि डॉक्टरांचा हात थांबला.

"बगलेत धर," डॉक्टर म्हणाले.

बा तोंड उघडं ठेवून तसाच बसून राहिला. त्याला कळलंच नाही. मला कळलं. मी त्याच्या मागेच उभी होते.

दादरच्या एका शाळेचा हॉल. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेले सत्याग्रही सुटून आले होते. त्यांच्या तब्येती बघायला हे डॉक्टर फुकट बसत. खादी घालत. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. बाच्या आधी लालबागचे सावंतकाका बसले होते. त्यांना "या, बसा, जीभ वर करा" झालं. त्यांच्या तोंडातली नळी स्पिरिटच्या पेल्यात बुडवली, पुसली आणि पुढच्यासाठी घेतली. स्पिरिटने सगळ्यांची तोंडं धुवून निघत होती. आमचं तेवढं निघत नव्हतं.

बाने नळी बगलेत धरली न धरली तोच डॉक्टरांनी ती मागून घेतली.

"ताप नाही तुला. तुरुंगातलं खाणं बाधलंय. कामावर जायला लाग."

सावंतकाकांना छातीच्या फोटोची चिठ्ठी मिळाली. बाला खोकल्याचं लाल औषध.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, संध्याकाळी अंग तापतं त्यांचं. बाकीच्यांसारखं तोंडात लावून बघा ना."

"डॉक्टर तू का मी?"

दोघंतिघं हसले. सावंतकाका हसले नाहीत. पायाकडे बघत बसले. तुरुंगात ते आणि बा एका बराकीत होते, एकाच मटक्यातलं पाणी प्यायले होते. बाने मला ते किती कौतुकाने सांगितलं होतं! "सगळे एकाच मटक्यातलं पितात गो. कोण विचारीत नाय." तो मटका तुरुंगातच राहिला होता.

बाने माझा हात धरला. त्याचा हात तापलेला होता. "चल गो," म्हणाला.

तोंडाची ही गोष्ट आमच्या घरात जुनी होती. बा जन्मभर गिरणीच्या रिंग खात्यात सूत काढत राहिला. साच्यावर, म्हणजे कापड विणायला, त्याला कधी घेतलं नाही. हात चांगला होता, नजर चांगली होती. पण साच्यावर सुताची कांडी बदलली की धागा धोट्याच्या, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या लाकडी होडीच्या, भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो. आमचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा तोंड कसं लावणार? संपात बा त्यांच्याबरोबर, मोर्चात बा त्यांच्याबरोबर, लाठ्या खायला बा सगळ्यांच्या पुढे. तोंडाशी आलं की बा बाहेर. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मला वाटलं होतं, सुटलो. आम्ही सुटलो होतो. ते कुठे सुटले होते?

आई गावी होती. बा रोज कामावर जायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, ताप नाही. मी म्हणायचे, "बा, नको जाऊस." तो म्हणायचा, "अगो, शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल?" एक दिवस तो खात्यातच खाली बसला. रुमाल तोंडाला लावलेला, रुमालावर रक्त.

परळच्या मोठ्या इस्पितळात नर्सबाईने काही न विचारता नळी त्याच्या जिभेखाली ठेवली. पारा बघून ती माझ्यावरच उखडली, "इतके दिवस काय करत होता?"

"डॉक्टरांनी बघितलं होतं. बगलेत."

"बगलेत पारा कमी चढतो. नीट दाबून, वेळ देऊन धरावं लागतं. ताप नाही म्हणाले?"

फोटोत दोन्ही फुप्फुसं क्षयाने खाल्लेली निघाली. बा इस्पितळातून घरी आला नाही.

शोकसभेत तेच डॉक्टर बोलले. महाराष्ट्राने आपला एक पुत्र गमावला, म्हणाले. मी ऐकत बसले होते.

बा अजून येतो. खोकत येत नाही, रडत येत नाही. तोंड उघडं ठेवून बसलेला असतो. मी जेवायला बसते, घास उचलते, तर समोर बा. नळाच्या रांगेत बा. कोणीतरी काहीतरी लावेल म्हणून वाट बघणारा. त्या उघड्या तोंडाची मला भीती वाटते. माझ्याच बापाची.

मग सत्याग्रहींची पुढची तुकडी सुटली. त्यात आमच्या चाळीतली बायजामावशी होती. अंगात कणकण, छातीत दुखणं. एकटी बाई. मी तिला घेऊन गेले. तोच हॉल, तेच डॉक्टर. या वेळी कोणाला कानाशी वाकावं लागलं नाही. त्यांनी मला ओळखलं.

"बगलेत..."

मी त्यांचं मनगट धरलं. हो, धरलं.

"हात सोड."

"तोंडात लावा."

"मग मला ही नळी फेकून द्यावी लागेल."

"फेका. पण आधी लावा."

मावशी कुजबुजली, "जाऊ दे गो बाय, कशाला तमाशा." मी हात सोडला नाही. समोरच्या बाकावर बा बसला होता. मला दिसत होता.

शेवटी डॉक्टरांनी नळी तिच्या जिभेखाली ठेवली. मी घाई करू दिली नाही. पारा चढला. मावशीला फोटोची चिठ्ठी मिळाली.

मग कंपाउंडरने कागदाच्या चिमटीत ती नळी धरली आणि आमच्यासमोर बादलीत टाकली. काच फुटली. मावशीने पदर तोंडावर घेतला आणि मला दाराकडे ओढायला लागली.

मी दारातून मागे वळले.

"उद्या दुसरी आणून ठेवा, डॉक्टरसाहेब. आमची माणसं अजून तुरुंगात आहेत. जो सुटेल त्याला घेऊन मी इथे येणार आहे."