वहिनी धवला विसरल्या नव्हत्या

अंजूरमधल्या त्या लग्नाची हकिगत मी आजवर सहा-सात जणांच्या तोंडून ऐकली आहे आणि त्यांतल्या एकानेही खरे सांगितलेले नाही. गेल्या आठवड्यात कामतघरात एका बारशाला गेलो होतो. त्या लग्नाच्या मांडवात नसलेले एक गृहस्थ हातात पेढा धरून सांगत होते, की म्हाताऱ्याला नवे मशीन जोडता आले नाही, कानठळ्या बसल्या आणि त्या गोंधळात धवलारीण धवला विसरली. म्हातारा म्हणजे मी. धवलारीण म्हणजे हळदीची पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या माझ्या थोरल्या वहिनी. एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी सांगून त्यांनी पेढा तोंडात टाकला. मी त्यांना तेथेच अडवले. यजमानांना ते आवडले नाही; त्याला माझा इलाज नाही.

लाउडस्पीकरचा धंदा मी तीस वर्षे केला. कर्णे झाडाला बांधण्याच्या काळापासून केला. त्यामुळे चार वर्षांपूर्वी नवरदेवाच्या मामांनी, गोदामाला जमीन दिल्यानंतर हौसेने घेतलेला डीजे मिक्सर माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी गडबडून गेलो ही निव्वळ थाप आहे. मशीनच्या पाठीमागे प्रत्येक चॅनेलला दोन जागा होत्या. एकीवर ‘लाइन’ लिहिले होते, दुसरीवर ‘फोनो’. ‘फोनो’ ही जागा जुन्या तबकडीच्या यंत्रासाठी असते. त्या यंत्राचा आवाज मुळात क्षीण, म्हणून तेथे मिक्सर तो अनेक पटींनी वाढवून घेतो. सीडी प्लेयरची वायर ‘लाइन’मध्येच जायला हवी. मी ती तेथेच लावली, माइक लावला, आवाज घेऊन पाहिला आणि चहा प्यायला गेलो.

परत येतो तो मांडव थरथरत होता. मामांनी स्वतःच्या हाताने वायर काढून दुसरी ‘फोनो’त घातली होती आणि तिचे दुसरे टोक आपल्या मोबाइलला जोडले होते.

“मामा, हे काय केलंत?”

“फोनचं भोक हाय ना ते? लिवलंय की फोनो. तुमी कर्ण्याच्या जमान्यातले, तुमाला न्हाय समजायचं.”

आजूबाजूचे हसले. मी ती वायर उपटली, सीडी प्लेयरची पुन्हा ‘लाइन’मध्ये लावली आणि आवाज सरळ केला. कानठळ्यांची खरी हकिगत एवढीच. ‘फोनो’ म्हणजे फोन असे समजणारा माणूस आजही गावात मशीनचा जाणकार म्हणून मिरवतो आणि जोडता न येणारा मी. याचा संताप मला अजून येतो आणि येत राहील.

त्यानंतर हळद लागायची होती. हळद लावताना आमच्याकडे धवला म्हणतात. धवलारीण ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका तीच ओळ उचलतात, आणि त्यांची ओळ संपली की धवलारीण पुढची म्हणते. कागद नसतो. वहिनींनी चाळीस वर्षे या पट्ट्यातल्या हळदी अशा लावल्या होत्या. त्या आल्याशिवाय नवरदेवाला पाटावर बसवीत नसत. त्या दुपारी त्यांना प्रथमच माइक दिला गेला.

त्या बसल्या. पहिली ओळ म्हणाल्या. बायकांनी तोंडे उघडली, तोच वहिनींचाच आवाज स्पीकरमधून पुन्हा आला, आणि आणखी एकदा आला. बायकांना वाटले, धवलारीण ओळ परत म्हणते आहे, त्या थांबल्या. मागून ओळ आली नाही म्हणून वहिनी थांबल्या. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्या अर्ध्या ओळीवर अडल्या, मान वळवून मागे पाहिले, आणि पदर सावरून उठल्या.

“आत्या, वय झालं आता तुजं,” मामा म्हणाले; वहिनी नात्याने त्यांच्या आत्या लागतात. “बस जरा. सीडी लावतो.”

सीडी लागली. तेव्हापासून अंजुरात धवला सीडीवरच लागतो आणि वहिनींना कोणी बोलावणे धाडत नाही.

आवाज परत का येत होता, हे आजवर मला कोणी विचारलेले नाही. त्या मिक्सरमध्ये आवाजाचे खेळ करणारी बटणे आतच होती. त्यांतले एक ‘इको’चे. ते कशावर चालवायचे, गाण्यावर की माइकवर, हे ठरवायला दुसरे बटण. मशीन वाजत्या गाण्याचा ठेका आपोआप मोजते आणि त्या हिशेबाने आवाज परत पाठवते. आधीच्या नाचाच्या गाण्याचा ठेका त्यात तसाच राहिला होता. ‘इको’ माइकवर मी टाकला होता. मामांचे ते ‘कर्ण्याच्या जमान्यातले’ मला झोंबले होते, आणि या मशीनचे मला किती कळते हे सगळ्या मांडवाला ऐकवायचे होते. वहिनी उठल्या तेव्हा मी ते बटण बंद केले. कोणी पाहिले नाही. मी बोललो नाही.

चार वर्षे मी वायरीवरून भांडलो, कारण त्या भांडणात माझी बाजू खरी होती.

बारशाहून निघालो तो थेट वहिनींकडे गेलो. त्या ओटीवर वाल सोलत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी हातातली शेंग पुरी केली.

“मंजे मी विसरले न्हवते.”

“न्हाय.”

“रोज सकाळी म्हणून बघते मी, भावोजी. सगळा येतो. मग वाटायचं, घरी येतो नि मांडवात जातो, आसं कसं डोकं झालं माजं.” त्यांनी दुसरी शेंग घेतली. “तवाच का न्हाय बोललात?”

हे सगळे लिहून काढतो, असे मी म्हणालो.

“लिवा. माज्यावर हसले त्यांतलं कोन वाचतंय? पुढल्या महिन्यात नातीची हळद हाय. मामा येनार, त्या सगळ्या बाया येनार. तितं उभं राहून बोला. मंग मी बसते पाटापाशी, न्हायतर लावा तुमची सीडी.”

तेव्हा ते मला तेथे बोलावे लागेल. वाक्य मी तयार केले आहे: मशीन मी बरोबर जोडले होते, आणि वहिनींचा धवला मीच मोडला. आठ दिवस ते मनाशी म्हणून पाहतो आहे. पहिला अर्धा भाग न अडखळता येतो.