एकोणऐंशी नव्हे, एकोणसत्तर

भोंगा हे नाव काही तिच्या आईने ठेवलं नव्हतं, पण पडलं ते आईमुळेच. चार बहिणींत ही धाकटी, आणि सगळ्यांना जेवायला बोलवायचं असलं की आई हिलाच दारात उभी करायची. हिने एकदा हाक मारली की तिघी बहिणी येत आणि शेजारची पोरंही हात धुऊन पानावर बसत. लग्नानंतर ते नाव सासरीही पोचलं. आपणही तिला भोंगाच म्हणू, तिला राग येत नाही.

या आवाजाला साजेसं काम तिला मिळालंही होतं. कापडाच्या गिरणीत माग चालू झाले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण भोंग्याची हाक या टोकाची त्या टोकाला जायची. त्या जोरावर ती एका रांगेची मुकादम झाली. मग गिरणीला टाळं लागलं. नवरा रंगारी, शिडीवरून पडल्यापासून त्याचा हात पुरता वर जात नव्हता, त्यामुळे छत सोडून नुसत्या भिंती तेवढ्या तो रंगवायचा. आता घर तिच्यावर होतं आणि तिला नोकरी हवीच होती.

नोकरी शोधणाऱ्याला लोक सल्ले फार देतात. ताठ बसा, हसतमुख राहा, डोळ्यांत बघून बोला. तिने हे सगळं केलं आणि तरी तीन ठिकाणी माती खाल्ली. पहिल्या ठिकाणी दारावर ‘ओढा’ लिहिलं होतं, तिने खांदा लावून इतकं ढकललं की शिपाई धावत आला. दुसरीकडे, एका शाळेच्या कचेरीत, “बसा” म्हणताच ती समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली. ती खुर्ची मुख्याध्यापकांची निघाली, आणि ते मागेच उभे होते. तिसरीकडे, दवाखान्याच्या चौकशीखिडकीच्या जागेसाठी, एका बाईंनी विचारलं, “तुमची कमजोरी काय?”

“उजवा गुडघा,” ती म्हणाली. “जिना चढताना कुरकुरतो.”

बाई हसल्या, त्यांच्या शेजारचे गृहस्थही हसले. त्यात वाईट काही नव्हतं, हीही हसली असती तर विषय तिथेच संपला असता. पण हिची दातखीळ बसली. पुढच्या प्रश्नांची उत्तरं ती पदराच्या टोकाला दिल्यासारखी पुटपुटली, आणि शेवटी बाईंना म्हणावं लागलं, “जरा मोठ्याने बोलता का?”

भोंग्याला मोठ्याने बोला! जन्मात असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. नोकरी गेल्यापेक्षा तेच जास्त लागलं. घरी येऊन ती दोन दिवस इतकं हळू बोलत होती की नवऱ्याला वाटलं घसा बसला, आणि त्याने गुळण्यांसाठी पाणी तापवलं.

सासूबाईंनी मात्र बरोबर ओळखलं. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, स्वयंपाकघरातलं स्टूल बाहेर आणवलं आणि त्यावर साहेब होऊन बसल्या.

“नाव सांगा.”

“अहो आई, नाव माहीत आहे की तुम्हाला.”

“साहेबाला आई म्हणतेस? झाली एक चूक. आता काय करशील?”

भोंगा गप्प.

“बघ, हेच! अगं, चूक झाली तर झाली. चूक काय वाघ आहे, खाईल तुला? ‘चुकलं’ म्हणायचं आणि पुढचं वाक्य बोलायचं. तुझं तोंड मिटतं ना, ते वाईट. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही. चल, पुन्हा. नाव?”

सासूबाई साहेब म्हणून फार कडक होत्या. त्यांनी पगार तर दिला नाहीच, वर चहा करायला लावला.

त्याच आठवड्यात बसस्टँडवर घोषणा करणारी बाई हवी असल्याचं कळलं. अख्ख्या शहरात आवाजाचा पगार देणारी जागा ही एवढीच. भोंग्याच्या मनात आलं, इथेही आपण चालत नसू तर हा आवाज ठेवून करायचं काय? ही भीती तिने कुणाला बोलून दाखवली नाही. चांगली इस्त्रीची साडी नेसली आणि निघाली.

घोषणांची खोली स्टँडच्या वरच्या मजल्यावर होती. पुढे मोठी काच, खाली आठ फलाट, बाकांवर माणसं आणि माणसांपेक्षा जास्त पिशव्या. जिन्यावर उमेदवार थांबलेले. भोंग्याच्या आधी एक तरुण मुलगी आत गेली. आवाजाचा रीतसर अभ्यासक्रम केलेली ही मुलगी बोलायला लागली तर जणू मध ओतला. पाच घोषणा दिल्या होत्या, पाचही बिनचूक. बाहेर आली तेव्हा तळहात घामाने ओले होते.

“काकू, माईकच्या फार जवळ जाऊ नका,” तिने आपणहून सांगितलं. “फू-फू येतं.”

पोर गुणाची होती. भोंग्याला तिच्यावर रागावायचं होतं, पण जमलं नाही.

आत स्टँडचे कंट्रोलर बसले होते. सगळ्या गाड्या यांच्या हुकमाने सुटायच्या. माणूस कोरडा, शब्द मोजून वापरणारा. “खऱ्या गाड्या आहेत, खरी माणसं आहेत,” ते म्हणाले. “हा कागद. बटण दाबून बोला.”

भोंग्याने बटण दाबलं आणि गिरणीत बोलायची तशी बोलली. छपरावरची कबुतरं उडाली. खाली बाकावर झोपलेला एक माणूस उठून उभाच राहिला. कंट्रोलरांनी कानावर हात ठेवला.

“बाई, माईक आहे तो.”

“चुकलं. कमी करते,” ती म्हणाली, आणि कमी केलं. दुसरी घोषणा छान झाली, तिसरी त्याहून छान. तिला मजा यायला लागली. आणि मजा यायला लागली की माणूस घसरतो, हे काय सांगायला हवं?

चौथ्या घोषणेत गाडीचा नंबर होता ६९. आपल्या भाषेत हे आकडे ज्याने बसवले त्याच्या मनात काय होतं देव जाणे. सत्तरला एक कमी, ऐंशीला एक कमी, अशी वजाबाकी करत बोलायचं. भले भले इथे आपटतात. भोंगा खणखणीत आवाजात म्हणाली, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. एकोणऐंशी नंबरची गाडी फलाट क्रमांक तीनवरून लगेच सुटत आहे.”

खाली एकच धावपळ उडाली. एकोणऐंशीची वाट बघून कंटाळलेली पंधरा-वीस माणसं पिशव्या, पोरं, वळकट्या घेऊन तीनकडे पळाली. तिथे उभी गाडी एकोणसत्तर. आणि एकोणसत्तरचे खरे प्रवासी बाकावर निवांत शेंगा सोलत बसलेले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. एक आजोबा काठी बाकावरच विसरून धावले, आणि काठीशिवाय चुकीच्या गाडीची पायरी चढायला लागले.

भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यातलं ते पुटपुटणं घशाशी येऊन बसलं. कंट्रोलरांचा हात माईककडे आला. तेवढ्यात तिला खाली आजोबांचा पाय पायरीवरून घसरताना दिसला. तिने माईक आपल्याकडे ओढला.

“थांबा, माझी चूक आहे. मीच सांगते.”

आणि तिने बटण दाबलं.

“सगळ्यांनी ऐका. आत्ता मी नंबर चुकीचा सांगितला. तीनवर उभी आहे ती सहा-नऊ, एकोणसत्तर. एकोणऐंशीच्या मंडळींनी खाली उतरा, तुमची गाडी अजून यायची आहे. चूक माझी आहे, तुमची नाही. एकोणसत्तरवाले, शेंगा नंतर खा, तीनवर या. कुणी पळू नका. सगळे चढल्याशिवाय गाडी सुटणार नाही. आणि आजोबा, तुमची काठी बाकावर आहे.”

आवाज कुठे कापला नाही. मागांच्या खडखडाटात “धागा तुटला!” म्हणून सांगायची, तसाच स्वच्छ होता. खाली माणसं थांबली, हसली, वळली. कुणीतरी आजोबांना हात दिला.

कंट्रोलर तिच्याकडे बघत होते. “गाडी सुटणार नाही, हे कुणाला विचारून सांगितलंत?”

“कुणालाच नाही,” ती म्हणाली. “आता विचारते. थांबवा ना, साहेब.”

त्यांनी फोन उचलला आणि ड्रायव्हरला थांबवलं. एकोणसत्तर भरली आणि सुटली. आजोबांना काठी मिळाली, आणि त्यांनी ती वर काचेकडे बघून दोनदा हलवली. तो आशीर्वाद होता की धमकी, ते वरून कळलं नाही.

“पाचवी राहिली,” भोंगा म्हणाली.

“राहू दे,” कंट्रोलर म्हणाले.

संपलं, तिच्या मनात आलं. तिला वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिने पदर सारखा केला. कंट्रोलरांनी त्या मुलीलाही आत बोलावलं.

“तुझा आवाज यांच्यापेक्षा गोड आहे,” त्यांनी मुलीला सांगितलं. “एक चूक नाही. पण इथे दिवसभर गाड्या सुटतात. आज ना उद्या चूक होणार. तुझी चूक कशी असते ते मला माहीत नाही. यांची मी पाहिली.” मग भोंग्याकडे वळून म्हणाले, “उद्या सकाळच्या पाळीला या. गाडी थांबवायची असली तर आधी मला सांगायचं.”

“सांगेन,” भोंगा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ते पुसायचं सोडून ती आधी हसली.

दोघी जिना उतरल्या. भोंग्याचा गुडघा कुरकुरला, मुलीने तिचा हात धरला. दोन पायऱ्या उतरल्यावर मुलगी म्हणाली, “काकू, मी असते ना तिथे, तर माईक टाकून रडत बाहेर आले असते.”

“अगं, मी तशी तीनदा आलेय,” भोंगा म्हणाली. “पण पुढची जागा निघेल तेव्हा तू ये. मी असेन इथे.”